तफावत कुणाची, दोष कुणाचा?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

अभ्यासवर्ग म्हटला की महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, खाजगीकरण हे विषय ठरलेले असतात. ते महत्त्वाचे आहेतच. आज मात्र आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. कॅमेऱ्याचे भिंग किती काटेकोर बनते, तरी त्यात चूक कशी राहते आणि राहिलेली चूक कशी काढतात, हा तो विषय.

कामगार चळवळीचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध सरळ आहे. काही बिघडले की कुणाच्या तरी हातून चूक झाली असे ठरवायचे आणि त्याच्या हातात आरोपपत्र द्यायचे, हा आपल्या खात्यांतला नेहमीचा प्रकार. चूक कुठे जन्मते आणि कुठे दिसते, यातला फरक समजला नाही, तर आपल्या माणसाचा बचावही धड करता येत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत हा फरक मोजता येतो आणि फोटोत डोळ्यांना दिसतोही. म्हणून उदाहरण कॅमेऱ्याचे.

अगदी अचूक असे काही नसते

जगातली कुठलीही वस्तू नकाशावर लिहिलेल्या मापाची तंतोतंत बनत नाही. हत्यार झिजते, लोखंड तापते, काच थंड होताना आकसते, मोजणाऱ्याची नजर बदलते. म्हणून कारखान्याच्या नकाशावर मापापुढे अधिक-उणे असे चिन्ह घालून आणखी एक आकडा लिहिलेला असतो. माप इतके हवे, पण इतके कमी किंवा इतके जास्त झाले तरी चालेल, असा त्याचा अर्थ. चालेल अशा या तफावतीला आपले टर्नर-फिटर भाऊ टॉलरन्स म्हणतात.

रेल्वेतल्या साथींना हे नवीन नाही. ब्रॉडगेजच्या एका आसावरील दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १६०० मिलिमीटर असावे लागते. पण ते १५९९ पासून १६०२ पर्यंत चालते. त्या मर्यादेत चाक गाडीखाली जाते, मर्यादेबाहेर गेले की बाजूला काढले जाते. टपाल काउंटरवरच्या साथींनाही हे ठाऊक आहे. तिथल्या काट्यावर वजनमापे खात्याची छाप असते ती काटा परिपूर्ण आहे म्हणून नव्हे. त्याची चूक कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत आहे म्हणून.

तेव्हा टॉलरन्स म्हणजे ढिलाई नव्हे. तो एक लेखी करार आहे. नकाशा काढणारा लिहून देतो की एवढी तफावत मला मान्य आहे. कामगाराचे काम त्या मर्यादेत आले, तर त्याने आपला शब्द पाळला. पुढे काही बिघडले तर त्याचे उत्तर दुसरीकडे शोधले पाहिजे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

फोकसला जागा किती?

आता भिंगाकडे वळू. समोरच्या माणसाकडून आलेला प्रकाश भिंग गोळा करते आणि मागे ठराविक अंतरावर त्याची स्पष्ट प्रतिमा तयार करते. त्या अंतरावर पूर्वी फिल्म असे, आता बहुधा सेन्सर असतो. प्रतिमा नेमकी त्याच्यावर पडली तर फोटो स्पष्ट, थोडी पुढे-मागे पडली तर पुसट.

थोडी म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक बिंदू ०.०३ मिलिमीटरपर्यंत पसरला तरी डोळ्याला तो बिंदूच वाटतो, असे धरण्याचा प्रघात आहे. भिंगाच्या तोंडावरील एफ आकड्याने याला गुणले की फोकसला पुढे-मागे किती जागा आहे ते कळते. भिंग एफ ८ वर आवळलेले असेल तर ०.२४ मिलिमीटर पुढे आणि तेवढेच मागे. पण तेच भिंग एफ १.४ वर पूर्ण उघडले, तर फक्त ०.०४२ मिलिमीटर, म्हणजे ४२ मायक्रॉन. वर्कशॉपच्या भाषेत दोन थाऊसुद्धा नाही. माणसाचा केस साधारणपणे याहून जाड असतो.

म्हणून दिवसाउजेडी भिंग आवळून काढलेल्या मोर्चाच्या फोटोत चूक लपते, आणि रात्री सभेच्या अपुऱ्या उजेडात भिंग पूर्ण उघडून काढलेल्या वक्त्याच्या फोटोत तीच चूक उघडी पडते. चूक दोन्ही वेळा तेवढीच असते. परिस्थिती कठीण झाली म्हणून ती दिसू लागते.

थेंबे थेंबे तळे साचे

भिंग एकट्याने काम करीत नाही. त्याच्यात काचेचे अनेक तुकडे असतात. प्रत्येकाची गोलाई, जाडी, दोन तुकड्यांमधली पोकळी, सर्वांचे मध्य एका रेषेत असणे, या सगळ्यांना आपापला टॉलरन्स. गोलाई तपासायला कारागीर त्या काचेवर नमुन्याची काच ठेवतो व दोहोंमध्ये दिसणारी रंगीत वर्तुळे मोजतो. एका वर्तुळामागे प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीइतका, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे पाव हिश्श्याइतका फरक पकडला जातो.

पुढे हे भिंग कॅमेऱ्याच्या तोंडावरील धातूच्या कड्यावर बसते. त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटसाठी ते ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ माउंटसाठी ४४ मिलिमीटर.

आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, आणखी एक भानगड असते. आपोआप फोकस करणाऱ्या एसएलआरमध्ये आलेल्या प्रकाशाचा काही भाग मुख्य आरशातून आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली वळतो आणि तळाशी बसवलेल्या फोकस-सेन्सरवर पोचतो. फोकस बरोबर आहे की नाही हे तो सेन्सर सांगतो. फोटो मात्र आरसा वर उचलल्यावर मागच्या मुख्य सेन्सरवर उमटतो. म्हणजे तपासणीची वाट एक आणि कामाची वाट दुसरी. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी असेल तरच तपासणी खरी. नसेल, तर तपासनीस सगळे ठीक आहे म्हणतो आणि फोटो पुसट निघतो.

आता हिशेब करू. समजा, चार ठिकाणी प्रत्येकी अधिक-उणे ०.०२ मिलिमीटरचा टॉलरन्स आहे : भिंगाची बैठक, बॉडीचे कडे, आरशाची टेक आणि फोकस-सेन्सरची जागा. चारही तफावती एकाच दिशेला गेल्या तर बेरीज ०.०८ मिलिमीटर. बहुधा असे होत नाही. एक इकडे तर दुसरी तिकडे जाऊन काही भाग कटतो. म्हणून कारखानदार वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतो. ते येते ०.०४. ही ४२ मायक्रॉनच्या आतली गोष्ट, म्हणून तो माल बाहेर सोडतो. बहुतेक कॅमेरे ठीक निघतात, पण काही थोडे वाईट जोडीचे निघणारच. हे त्याच्या हिशेबातच धरलेले असते.

अशा वाईट जोडीतली ०.०८ मिलिमीटरची चूक बाहेर केवढी दिसते? ५० मिलिमीटरच्या भिंगाने दोन मीटरवर बसलेल्या माणसाचा फोटो काढला, तर फोकस सुमारे १२ सेंटिमीटर सरकतो. डोळ्यांवर धरलेला फोकस जाऊन कानामागे पडतो. डोळे पुसट, कान स्पष्ट.

यात चूक कुणाची? भिंगवाल्याचे काम मर्यादेत, कडे कातणाऱ्याचे मर्यादेत, आरसा बसवणाऱ्याचे मर्यादेत, सेन्सर लावणाऱ्याचेही मर्यादेत. चौघांनी आपला करार पाळला, तरी फोटो बिघडला. दोष चार हातांपैकी एकाचाही नाही. तो बेरजेत आहे. आणि ती बेरीज ठरवणारा माणूस यंत्रापाशी उभा नसतो, नकाशा काढायच्या टेबलापाशी बसलेला असतो. पण फोटो पुसट निघाला की प्रथम कुणाकडे बोट जाते? कॅमेरा धरणाऱ्याकडे. वड्याचे तेल वांग्यावर!

एका भिंगापासून कुठल्याही भिंगापर्यंत

या प्रश्नाला इतिहासही आहे. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक यांनी रचलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. त्याचे भिंग कायमचे जोडलेले होते. १९३० मध्ये भिंग बदलता येईल असा नमुना निघाला. पण प्रत्येक बॉडीचे अंतर किंचित वेगळे, म्हणून भिंगे त्या त्या बॉडीला हाताने जुळवून द्यावी लागत आणि बॉडीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे भिंगावर कोरत. ह्याचे भिंग त्याला चालत नसे.

१९३१ मध्ये ते अंतर सर्व बॉड्यांसाठी २८.८ मिलिमीटर असे प्रमाणित केले गेले, आणि प्रमाणित झाल्याची खूण म्हणून कड्यावर शून्याचा आकडा कोरू लागले. तेव्हापासून कुठलेही भिंग कुठल्याही बॉडीला बसू लागले. हा छोटासा शून्य फार मोठा आहे. एकेका जोडीसाठी कारागिराला करावी लागणारी जुळवाजुळव संपली. त्याऐवजी सर्वांना सारखे लागू असलेले एक माप आले, आणि ते माप सांभाळण्याची जबाबदारी कारखान्यावर आली.

ही जबाबदारी फुकट पार पडत नाही. टॉलरन्स निम्मा करा, असे कागदावर लिहायला एक क्षण पुरतो. पण तो पाळायचा तर यंत्र हळू चालवावे लागते, हत्यार लवकर बदलावे लागते, तपासणीला जास्त माणसे लागतात आणि जास्त माल बाद होतो. हत्यार तेच, माणसे तेवढीच, वेळ मात्र कमी, आणि मर्यादा निम्मी, असा हुकूम निघाला, तर तो सुधारणेचा हुकूम नसतो. उद्याच्या आरोपपत्राची ती आजच केलेली तयारी असते.

चूक दुरुस्त कशी करतात?

पहिली दुरुस्ती कारखान्यातच होते. कोलिमेटर नावाच्या उपकरणाने फोकस तपासतात, आणि फरक असेल तर भिंगाखाली किंवा कड्याखाली कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या घालतात. त्यांना शिम म्हणतात. काही ठिकाणी भाग आधी मोजून, किंचित जाड भागाला किंचित पातळ भाग जोडीला देतात. म्हणजे चूक नाकारण्याऐवजी मोजून घेतात आणि उलट चुकीने तिला कापतात.

दुसरी दुरुस्ती सर्व्हिस सेंटरमध्ये होते. तिथे बॉडी आणि भिंग दोन्ही तपासून मुळाशी जुळवतात.

तिसरी दुरुस्ती वापरणाऱ्याच्या हातात आली ती २००७ साली. कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ या कॅमेऱ्यात आणि त्याच वर्षी निकॉनच्या डी३ व डी३०० या कॅमेऱ्यांत, प्रत्येक भिंगासाठी उणे २० ते अधिक २० अशा पायऱ्यांनी फोकस सरकवण्याची सोय आली. कॅमेरा ते भिंग ओळखतो आणि त्याच्यापुरती ठरलेली दुरुस्ती करतो.

ज्या साथींकडे असा कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी रीत सांगतो. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा. भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे ५० पट अंतरावर, म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी अडीच मीटरवर, ठळक छपाईचा सपाट कागद भिंतीसारखा सरळ उभा करावा आणि त्याच्या बाजूला एक पट्टी तिरकी ठेवावी. पट्टीचा शून्य कागदाच्या रेषेत आणावा. भिंग पूर्ण उघडावे. दर वेळी फोकस मुद्दाम हलवून पुन्हा कॅमेऱ्याला धरू द्यावा आणि असे दहा फोटो काढावेत. पट्टीवरचा स्पष्ट भाग शून्याच्या पुढे येतो की मागे, ते पाहावे. एका फोटोवरून काही ठरवू नये. दहांपैकी दहा एकाच बाजूला सरकत असतील तर ती रचनेतली चूक, आणि ती आकडा सरकवून दुरुस्त होते. काही पुढे, काही मागे असे विखुरले असतील, तर आकडा सरकवून उपयोग नाही. कारण वेगळे आहे. तेच शोधले पाहिजे.

या दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. ती फोकस पुढे-मागे सरकवते. भिंगातली काच तिरकी बसली असेल आणि फोटोची उजवी बाजू स्पष्ट, डावी पुसट येत असेल, तर ही सोय निरुपयोगी. भिंग उघडावेच लागते. झूम भिंगात एका टोकाला लागू पडलेला आकडा दुसऱ्या टोकाला चुकतो.

मूळ उपाय वेगळाच निघाला. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत फोकसची तपासणी मुख्य सेन्सरवरच होते. तपासणीची वाट आणि कामाची वाट एक झाली, आणि दोन वाटांच्या लांबीतल्या फरकाची कटकटच संपली. कुणा कामगाराला दम देऊन ती संपली नाही. रचना बदलली म्हणून संपली.

गेजच खोटे असेल तर?

आता या विषयातले सर्वांत महाग उदाहरण सांगतो. २४ एप्रिल १९९० रोजी अमेरिकेने हबल दुर्बीण अवकाशात पाठवली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. काही आठवड्यांतच कळले की ताऱ्यांचा फोकस नीट जमत नाही. आरशाची कड जेवढी हवी त्याहून सुमारे २.२ मायक्रॉन जास्त घासली गेली होती.

हा आरसा १९८० च्या सुमारास कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी येथे पर्किन-एल्मर कंपनीत घासला गेला. घासणाऱ्यांचा हात कच्चा नव्हता; उलट आरसा विलक्षण गुळगुळीत होता. पण आकार तपासण्याचे जे उपकरण होते, त्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. ती जागा मोजण्याच्या दांड्यावर एक टोपी होती. तिच्यावरचा काळा थर एका ठिकाणी उडाला होता आणि प्रकाश दांड्याच्या टोकाऐवजी टोपीवरून परतला. भिंग त्या मापावर आणण्यासाठी स्क्रू पुरेनात, तेव्हा मध्ये वॉशर घातले गेले. मग त्या खोट्या मापाला आरसा अत्यंत काटेकोरपणे घासला गेला. कुंपणानेच शेत खाल्ले.

पुढची गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. दुसऱ्या उपकरणांच्या तपासण्यांत चूक दिसली होती. पण ती उपकरणे कमी अचूक म्हणून तो पुरावा बाजूला सारला गेला. लू ॲलन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने १९९० मध्येच अहवाल दिला. त्या अहवालाने एखाद्या तंत्रज्ञाला बळी दिले नाही. स्वतंत्र तपासणी नव्हती, विसंगती दिसूनही तिचा पाठपुरावा झाला नाही, खर्च आणि वेळेचा ताण होता, आणि कंपनीच्या व नासाच्याही व्यवस्थापनाची देखरेख अपुरी होती, असे त्यात स्पष्ट म्हटले.

आणि दुरुस्ती? चूक किती आहे हे नेमके मोजता आले, म्हणून तेवढीच उलटी चूक घातलेले आरसे तयार केले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते बसवले. नव्या कॅमेऱ्यात ती दुरुस्ती आतच केलेली होती. मुख्य आरशाला कुणी हातही लावला नाही, आणि दुर्बिणीला स्पष्ट दिसू लागले. चुकीची लाज वाटून ती दडपली असती, तर हे कधीच झाले नसते.

आपण काय घ्यायचे?

बंधू-भगिनींनो, आता आपल्या कामावर या. रेल्वेत १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली एस. एफ. ११ किंवा एस. एफ. ५ हातात पडतो. टपालात १९६५ च्या सी.सी.एस. (सी.सी.ए.) नियमांखाली नियम १६ किंवा १४ ची नोटीस येते. मजकूर बहुधा एकच : कर्तव्यात कसूर. बचावाला उभ्या राहणाऱ्या आपल्या प्रतिनिधीने तेव्हा चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला : या कामाची मर्यादा लेखी ठरलेली होती काय, आणि काम त्या मर्यादेत होते काय? मर्यादाच लिहिलेली नसेल, तर ती ओलांडली असे म्हणता येत नाही.

दुसरा : ज्या गेजने, काट्याने वा घड्याळाने चूक मोजली, ते शेवटचे कधी व कुणी तपासले? दाखला समोर ठेवा.

तिसरा : हे एकदा घडले की पुन्हापुन्हा घडते? वेगवेगळ्या माणसांच्या हातून, एकाच ठिकाणी, एकाच दिशेने चूक होत असेल, तर दहा फोटोंचा नियम आठवा. दोष माणसांत नाही, रचनेत आहे.

चौथा : आधी कुणी इशारा दिला होता काय, आणि त्याचे पुढे काय झाले? रजिस्टरातली एक जुनी नोंद माणसाची नोकरी वाचवू शकते. म्हणून नोंद करण्याचा कंटाळा कधी करू नका.

याचा अर्थ कामगार कधी चुकतच नाही, असा नाही. मर्यादा ठाऊक असून, हत्यार आणि वेळ हाताशी असून जो मर्यादा मोडतो, त्याच्यासाठी खोटे बोलणे हे संघटनेचे काम नव्हे. ४२ मायक्रॉन सांभाळणारा कारागीर आणि रात्रपाळीत रूळ तपासणारा ट्रॅकमेंटेनर यांची प्रतिष्ठा एकाच गोष्टीवर उभी आहे : आपले काम मर्यादेत आहे, हे ते ताठ मानेने सांगू शकतात. ती मान खाली घालायला लावणारी ढिलाई आपल्यात नको, आणि दुसऱ्याच्या बेरजेची चूक आपल्या माथी घेण्याचा भिडस्तपणाही नको.

चूक जिथे जन्मली तिथे ती दुरुस्त झाली पाहिजे. जिथे दिसली, तिथे उभ्या असलेल्या माणसाला शिक्षा देऊन फोटो स्पष्ट होत नाही. एवढे प्रत्येक शाखेत जाऊन सांगा.

कामगार एकजुटीचा विजय असो!